हरवलेल्या चकाकीचा शोध

मुलांनो, जुन्या मशिदीच्या किंवा मकबऱ्याच्या भिंतीवरील निळ्या-हिरव्या नक्षीदार फरश्या तुम्ही पाहिल्या असतील, निदान चित्रात तरी. अशा फरश्यांनी लंडनच्या एका माणसाला वेड लावले. त्याचे नाव विल्यम डी मॉर्गन.

विल्यमचा जन्म १८३९ साली लंडनमध्ये झाला. त्याचे वडील ऑगस्टस हे नामवंत गणिती होते. (त्यांचा जन्म मात्र आपल्या देशात, मदुराईला झाला होता!) विल्यम चित्रकला शिकला, पण त्याचे मन रमले ते मातीत आणि भट्टीत.

नवव्या शतकात इराकच्या कुंभारांना एक अजब युक्ती सापडली होती. भाजलेल्या चकचकीत भांड्यावर तांबे व चांदी यांच्या क्षारांनी नक्षी काढायची, ते पुन्हा मंद आचेवर ठेवायचे आणि भट्टीत धूर कोंडायचा. मग धातूचा अगदी पातळ थर भांड्यावर उरतो आणि माती सोन्यासारखी झळकते. विल्यमला हे कोणा उस्तादाने शिकवले नाही. तो स्वतःच प्रयोग करीत राहिला. एकदा तर त्याच्या भट्टीमुळे राहत्या घराचे छप्परच पेटले! तरीही त्याने हे काम सोडले नाही. १८७२ साली त्याने चेल्सी भागात नवे बिऱ्हाड केले आणि तेथे पुन्हा भट्टी लावली.

त्या काळी फ्रेडरिक लेटन नावाचा प्रसिद्ध चित्रकार लंडनमध्ये आपल्या घरात एक अरबी दिवाणखाना बांधत होता. त्यासाठी त्याने दमास्कसहून जुन्या फरश्या आणवल्या होत्या. त्या भिंतीवर जुळवण्याचे काम विल्यमकडे आले. काही फरश्या फुटल्या होत्या, काही कमी पडत होत्या. विचार करा, तीनशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचा रंग आता कोठून आणायचा? विल्यमने तशाच फरश्या स्वतः घडवून त्या जागा भरल्या. माझ्या मते हीच त्याची खरी परीक्षा होती.

इंग्रज लोक अशा सगळ्याच मालाला इराणी म्हणत. वास्तविक त्यातील पुष्कळ नमुने तुर्कस्तानातील इझनिकचे आणि सीरियातले होते. विल्यमने मात्र नुसती नक्कल केली नाही. त्या रंगांत त्याने मोर, मासे आणि गलबतेही रंगवली.

नाव झाले, पण पैसा टिकेना. त्याची पत्नी एव्हलिन चित्रकार होती. तिने स्वतःचे पैसे कारखान्यात घातले, तरीही १९०७ साली तो बंद पडला. आदल्याच वर्षी, वयाच्या ६६व्या वर्षी, विल्यमची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली होती. ती इंग्लंड-अमेरिकेत खूप खपली. १९१७ साली त्याचे निधन झाले, तोपर्यंत तो कादंबऱ्याच लिहीत होता.