आकाशांतून हिमनद्या टिपणारे वैमानिक

स्वित्झर्लंड देशांत सेंट गॅलन येथें एका बेकरीवाल्याच्या घरीं १८९४ सालीं वाल्टर मिटेलहोल्झर यांचा जन्म झाला. तरुणपणीं ते प्रथम छायाचित्रण शिकले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळांत विमान चालविण्यास शिकले. या दोन विद्यांचा संगम हेंच त्यांचें चरित्र होय.

त्या वेळचीं बहुतेक विमानें उघडीं असत. बर्फाळ वाऱ्याचा मारा सोशीत, कांचेच्या पट्ट्यांचा अवजड कॅमेरा सांभाळून त्यांनीं आल्प्सचीं शिखरें टिपलीं. १९२३ सालीं उत्तर ध्रुवाकडील स्पिट्सबर्गेनच्या हिमनद्यांवरून ते उडाले. १९३० सालीं आफ्रिकेंतील ५,८९५ मीटर उंचीच्या किलिमांजारोचें ज्वालामुखी विवर त्यांनीं वरून पाहिलें व लोकांस दाखविलें. केवढें हें धाडस!

अशा पुरुषाचा अंत विमानांतच झाला असेल, असें आम्ही समजत होतों. पण तसें नव्हे. १९३७ च्या मे महिन्यांत ऑस्ट्रियांतील डोंगरांत पायीं गिर्यारोहण करीत असतां अपघात होऊन ते निवर्तले. वय अवघें ४३ वर्षांचें.

त्यांचीं छायाचित्रें झुरिकच्या तंत्रविद्यापीठाच्या ग्रंथालयांत जतन केलेलीं आहेत. आल्प्सच्या हिमनद्या आतां पुष्कळ आटल्या आहेत. त्या पूर्वीं कोठवर पसरल्या होत्या, तें या चित्रांत दिसतें.