सुलतान तैमूर बिन फैसल आणि सीबचा तह

मस्कतच्या शेजारी मत्रह नावाचे बंदर आहे. मुंबईहून तांदूळ व कापड घेऊन गलबते तिथे जात आणि खजूर भरून परत येत. आमच्या पुष्कळ वाचकांना हे नाव नवीन वाटेल. पण ज्या करारात या बंदराचे नाव आले, तो ज्यांच्या अमलात झाला ते सुलतान मुंबईतच वारले, म्हणून त्यांची हकीकत येथे देत आहोत.

सुलतान तैमूर बिन फैसल यांचा जन्म १८८६ सालचा. वडिलांच्या मागे ऑक्टोबर १९१३ मध्ये ते गादीवर आले, तेव्हा खजिना रिकामा होता आणि हिंदी व्यापाऱ्यांचे देणे डोक्यावर होते. त्यातच डोंगरापलीकडच्या टोळ्यांनी त्याच वर्षी आपला निराळा इमाम निवडला होता. तेथील इबादी पंथात इमाम वंशाने येत नाही, तो निवडावा लागतो; सुलतानाचा वारसाहक्क त्यांना कसा मान्य व्हावा? जानेवारी १९१५ मध्ये इमामाचे सुमारे तीन हजार लोक मत्रहजवळच्या बैत अल फलजवर चालून आले. त्यांना परतवले ते हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे सातशे शिपायांनी.

पुढे दोघांचेही अडले. इमामाला बंदर घेता येईना, सुलतानांना डोंगर ओलांडता येईना. खजूर तर बंदराशिवाय विकत नाही! शेवटी इंग्रजांचे मस्कतमधील वकील रोनाल्ड विंगेट यांनी सुलतानांच्या वतीने बोलणी केली. टोळ्यांकडून ईसा बिन सालिह अल हार्थी हे प्रमुख होते. जुलै १९२० मध्ये इमामाचा खून झाला व मुहम्मद बिन अब्दुल्ला अल खलीली नवे इमाम झाले. २५ सप्टेंबर १९२० रोजी सीब गावी तह झाला.

कलमे आठ, प्रत्येक बाजूची चार. आतल्या मुलखातून मस्कत, मत्रह, सूर वगैरे बंदरांत येणाऱ्या मालावर शेकडा पाचांहून जास्त जकात घ्यायची नाही. जाण्यायेण्यास कोणी अडवायचे नाही. सुलतानांनी त्यांच्या कारभारात पडू नये, त्यांनी बंदरांवर चालून येऊ नये. हे सारे जमण्यासारखे होते. अडले ते एका पदवीवर. इमाम हा शब्द लिहावा असा टोळ्यांचा आग्रह. लिहिला तर दुसरे राज्य कबूल केल्यासारखे होईल म्हणून विंगेट यांची ना. अखेर ‘ओमानचे लोक’ असे घालून वेळ निभावली. आमच्या मते ही पळवाटच होती, पण तिने पुढे तीसहून अधिक वर्षे शांतता दिली. इस्राएलातल्या वाचकांना हे परके वाटू नये. १९५० मध्ये क्नेसेटनेही घटनेचा वाद मिटत नाही असे पाहून मूलभूत कायदे एकेक करून करण्याचे ठरवले.

सुलतानांचे मन मात्र राज्यात रमले नाही. ते बराच काळ हिंदुस्थानातच राहत. फेब्रुवारी १९३२ मध्ये त्यांनी चिरंजीव सईद यांच्यासाठी गादी सोडली. पुढे जपानात कोबे येथे एका जपानी स्त्रीशी त्यांनी लग्न केले. १९५४ मध्ये इमाम खलीली वारले, आणि तहात न लिहिलेल्या त्या शब्दाचे भांडण पुन्हा उभे राहिले: ओमान एक की दोन? १९५५ च्या डिसेंबरात सुलतान सईद यांचे सैन्य इमामाच्या निझवा शहरात शिरले. प्रकरण संयुक्त राष्ट्रांपर्यंत गेले.

ते तिथे चालू असतानाच जानेवारी १९६५ मध्ये तैमूर मुंबईत वारले. १९७० मध्ये त्यांचे नातू सुलतान काबूस यांनी ‘मस्कत आणि ओमान’ हे नाव काढून नुसते ‘ओमान’ केले. त्या देशाचा पहिला लेखी मूलभूत कायदा नोव्हेंबर १९९६ मध्ये आला.