डोंबिवली स्टेशनच्या नावाचे आकडे शोधणारे कापरेकर मास्तर

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की भिवंडीच्या रस्त्यावर कोन गाव लागतं. इथलं एखादं पोरगं पायथन शिकायला लागलं की त्याला सांगतात, स्वतःची छोटी लायब्ररी बनव. म्हणजे पुन्हा पुन्हा लागणारी फंक्शन्स एका फाईलमध्ये ठेव. पण फंक्शन्स लिहायची कसली? गाडी इथंच अडते.

तर भावांनो, उत्तर खाडीपलीकडच्या डोंबिवलीत आहे. 11 चा वर्ग 121, 111 चा 12321. अशा आकड्यांना डेम्लो संख्या म्हणतात. ते सुचले त्या स्टेशनाचं नाव तेव्हा डेम्लो होतं, म्हणजे आजचं डोंबिवली. सुचले कुणाला? दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना.

जन्म 1905, डहाणू. आई लहानपणीच गेली. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. 1927 मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं, 1929 मध्ये बीएस्सी झाले. पुढची पदवी नाही. नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर झाले आणि 1962 ला तिथूनच निवृत्त झाले. आकड्यांशी खेळणाऱ्या या मास्तरांना आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांनी मनावर घेतलं नाही. त्यांनी मग पुस्तिका स्वतःच छापल्या.

मजा अशी की त्यांचे काही शोध एकाच साध्या कामावर उभे आहेत: अंकांची बेरीज. तेवढं एक फंक्शन लिहा. संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने भाग गेला की ती हर्षद संख्या, जसं 18. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवत गेलात आणि एखादी संख्या कुठूनच तयार होत नसली, तर ती स्वयंभू, जसं 20. फंक्शन एक, शोध दोन. लायब्ररी यालाच म्हणतात.

सगळ्यात गाजला तो 6174. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढता क्रम वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत 6174 येतो आणि मग हलत नाही. 1949 च्या मद्रासच्या गणित परिषदेत मास्तरांनी हे मांडलं. जगभर नाव व्हायला मात्र 1975 उजाडलं, मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा. मास्तर तेव्हा सत्तरीत होते. 1986 ला ते गेले.

कोड लिहिताना एक खड्डा आहे, नवखे हमखास पडतात. 2111 मधून 1112 गेले, उरले 999. हे तीन अंकी समजलात तर पुढच्या फेरीत शून्य. पुढे शून्य लावून 0999 धरावं लागतं. फंक्शन चालतंय का हे तपासायला मास्तरांचं जन्मसाल टाका. 1905 ला 6174 गाठायला पुऱ्या सात फेऱ्या लागतात.