नारायण शेषाद्री : कृपा, इनाम आणि बेथेल

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती विचारविश्वाचा अभ्यास बहुधा बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड टिळक या लेखकांच्या आधारे केला जातो. नारायण शेषाद्री यांचे नाव या परंपरेत प्रचारक म्हणून येते; त्यांचा स्वतंत्र विचार क्वचितच होतो. ग्रंथकर्तृत्वाच्या कसोटीवर ही उपेक्षा समजण्यासारखी आहे. तथापि धनाचा आत्मिक धोका आणि केवळ कृपेने होणारे तारण हे ख्रिस्ती धर्मातील दोन परस्परसंबद्ध सिद्धान्त मराठी भूमीवर कोणत्या अडचणींतून गेले, हे पाहायचे असेल तर त्यांच्या चरित्राइतके बोलके उदाहरण दुसरे मिळणे कठीण. त्या दृष्टीने त्यांच्या जीवनाचा येथे विचार केला आहे.

हे दोन सिद्धान्त शुभवर्तमानांतील धनिक तरुणाच्या कथेत एकत्र येतात. सर्व आज्ञा पाळणारा हा तरुण संपत्ती सोडण्याच्या अटीपाशी खिन्न होऊन परत फिरतो. मग कोणाचेच तारण कसे होणार, असा प्रश्न शिष्यांना पडतो. जे मनुष्याला अशक्य ते देवाला शक्य आहे, असे त्यांना उत्तर मिळते. म्हणजे ही कथा केवळ त्यागाची महती सांगणारी नव्हे. धन हे मनुष्याच्या स्वतःवरील भरवशाचे रूप आहे आणि कृपेला हा भरवसाच आड येतो, असा तिचा आशय आहे. या अर्थाने विद्या, कुळ आणि पुण्यसंचय हीदेखील धनेच ठरतात.

नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुळातील होते. मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत रॉबर्ट नेस्बिट यांच्या सहवासात त्यांचे शिक्षण झाले आणि १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे वर्ष अर्थपूर्ण आहे. त्याच वर्षी १८ मे रोजी स्कॉटलंडच्या राज्यमान्य चर्चमध्ये फूट पडली. चर्चच्या कारभारातील जमीनदारांचा आणि शासनाचा हस्तक्षेप अमान्य करून ४५० हून अधिक धर्मोपदेशकांनी निश्चित वेतन व राहती घरे सोडली आणि फ्री चर्चची स्थापना केली. मुंबईतील स्कॉटिश मिशनरीही त्यांना मिळाले. परिणामी शाळेच्या इमारतीवरील हक्क त्यांना गमवावा लागला. ज्या शिक्षकांकडून नारायणरावांनी कृपेचा सिद्धान्त ऐकला, ते स्वतःच त्या वर्षी आपल्या संस्थेच्या संपत्तीपासून दूर होत होते. शिकवण आणि आचरण यांचा असा मेळ शिष्यांना नेहमी पाहायला मिळतोच असे नाही.

धर्मांतरामुळे नारायणरावांनी काय गमावले, हे तत्कालीन कायद्याकडे पाहिले असता स्पष्ट होते. जातिबहिष्कृताचा वारसाहक्क राखणारा १८५० चा कायदा अद्याप सात वर्षे दूर होता. परंतु संपत्तीहून मोठी हानी कुटुंबाची होती. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा नेस्बिट यांच्या घरी राहू लागला, तेव्हा वडिलांनी मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयाने मुलाला त्यांच्या स्वाधीन केले. पुढे श्रीपतला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावर मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याची बाजू घेतली व त्यापायी सनातन्यांचा रोष पत्करला. मराठी प्रबोधनाच्या इतिहासात हे प्रकरण जांभेकरांच्या चरित्रातील एक प्रसंग म्हणून नोंदले जाते. परंतु त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एका भावासाठी शुद्धी ही विधीने आणि समाजाच्या संमतीने परत मिळवण्याची गोष्ट होती; दुसऱ्याने स्वीकारलेल्या मतात शुद्धी मिळवता येतच नव्हती, ती केवळ स्वीकारता येत होती.

१८५४ मध्ये फ्री चर्चने नारायणरावांना धर्मोपदेशकाची दीक्षा दिली. १८६० च्या दशकाच्या प्रारंभी ते जालन्यास आले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि तेथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. आज ज्या जिल्ह्यात हे गाव मोडते, त्याच जिल्ह्यात समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब आहे. त्यागाची आणि कृपेची भाषा या भूमीला अपरिचित नव्हती. अपरिचित होते ते तिचे सामाजिक पर्यवसान. नारायणरावांकडे आलेले बहुसंख्य लोक मांग आणि महार या, त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या, जातींतील होते. कृपेपुढे सारेच रिक्तहस्त, हे तत्त्व येथे प्रवचनापुरते राहिले नाही. ब्राह्मण कुळातील विद्वानाला या लोकांसोबत एकाच पंक्तीत, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घ्यावयाचे होते. कुळाचे धन सोडणे म्हणजे काय, याचा अर्थ या कृतीत स्पष्ट झाला.

मात्र या बिंदूपासूनच प्रश्न गुंतागुंतीचा होतो. गावगाड्यातून तुटलेल्या, बलुत्याला आणि आसऱ्याला मुकलेल्या कुटुंबांना केवळ उपदेशावर जगता येणे शक्य नव्हते. १८७० च्या सुमारास हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून नारायणरावांनी जालन्याजवळ विस्तीर्ण जमीन मिळवली. पहिल्या काही वर्षांसाठी सारा माफ झाला. तेथे त्यांनी ख्रिस्ती वसाहत उभारली आणि तिला बेथेल, म्हणजे देवाचे घर, हे नाव दिले. बायबलमधील याकोबाला हे स्थान दिसले, तेव्हा तो घर सोडून निघालेला, दगडाची उशी करून निजलेला निराश्रित होता. वसाहतीतील लोकांच्या स्थितीशी हे नाव जुळणारे होते.

जमिनीमुळे आश्रय मिळाला. त्याचबरोबर धनाचा प्रश्नही परत आला. दरबारचे दान हीही एक कृपाच, परंतु ती सनदेची, शर्तींची आणि मुदतीची. ज्याच्या शब्दाने जमीन मिळते, त्याच्या शब्दाला उपासनेतही वजन येते. वसाहतीचा पाळक हा व्यवहारात तिचा पाटीलही झाला. श्रद्धेसाठी आले की भाकरीसाठी, हा आक्षेप अशा वसाहतींतील लोकांवर नेहमीच घेतला गेला. या आक्षेपात एक अन्याय आहे. सुस्थितांच्या श्रद्धेला तिच्या शुद्धतेचा पुरावा मागितला जात नाही. भुकेल्याच्या श्रद्धेला मात्र मागितला जातो. वस्तुतः कृपेचा सिद्धान्त काटेकोरपणे मानला, तर निर्मळ हेतू हीदेखील तारणाची पूर्वअट ठरू शकत नाही. मराठीत तारण हा शब्द उद्धाराचा वाचक आहे, तसाच सावकाराकडे ठेवलेल्या गहाणाचाही. बेथेलमध्ये हे दोन्ही अर्थ एकमेकांशेजारी नांदत होते.

नारायणरावांची कीर्ती परदेशातही पोहोचली. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत त्यांनी भाग घेतला. बेथेलसारख्या वसाहती परदेशी देणग्यांवाचून चालणाऱ्या नव्हत्या. ज्याने धनाचा भरवसा सोडला, त्याला आपल्या लोकांसाठी धनिक देशांच्या दारी जावे लागले, हा विरोधाभास त्यांच्या उत्तरायुष्याला व्यापून आहे. १८९१ मध्ये प्रवासात असताना समुद्रावरच त्यांचे निधन झाले.

पुढे १९१७ मध्ये ना. वा. टिळकांनी मिशनचे वेतन सोडून ख्रिस्ती संन्यासाचा मार्ग पत्करला. धनाच्या धोक्याला दिलेले हे उत्तर मराठी मनाला अधिक भावले, कारण संतपरंपरेशी त्याचे नाते सहज जुळते. शेषाद्रींचे उत्तर तितके निर्मळ दिसत नाही. त्यांनी धन टाकले नाही. दुसऱ्यांसाठी मागितले, वाटले आणि त्याबरोबर येणारा संशयही पत्करला. परंतु संन्याशाला सोडण्याजोगे काही असावे लागते. बेथेलच्या रहिवाशांजवळ तसे काही नव्हते. ज्यांच्यापाशी काहीच नाही, त्यांना धनाच्या धोक्याचा उपदेश कसा करावा, हा प्रश्न शेषाद्रींच्या जीवनाने उभा केला. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अभ्यासकाने टिळकांच्या त्यागाचा विचार करताना हा आधीचा प्रश्नही समोर ठेवला पाहिजे.