विश्लेषण : पोटावरची साडेसात किलो चरबी काढणारे डॉक्टर… ‘बॉडी कॉन्टूरिंग’नंतर बरे व्हायला इतका वेळ का लागतो?

वजन पन्नास-साठ किलोंनी उतरते, मधुमेहाच्या गोळ्या कमी होतात, जिना चढताना धाप लागत नाही. पण पोट, दंड आणि मांड्यांवरची वर्षानुवर्षे ताणलेली त्वचा मात्र लोंबत राहते. ती व्यायामाने आत जात नाही. ती काढण्याच्या शस्त्रक्रियांना ‘बॉडी कॉन्टूरिंग’ म्हणतात. यातल्या पोटाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास अमेरिकी डॉक्टर हॉवर्ड केली यांच्यापर्यंत मागे जातो. जगभरातल्या ऑपरेशन थिएटरमध्ये आजही त्यांच्या नावाचा चिमटा वापरला जातो. केली कोण होते, त्यांनी १८९९ मध्ये काय केले आणि त्यांना न सुटलेला प्रश्न आजच्या रुग्णासाठी महत्त्वाचा का आहे, हे जाणून घेऊ.

हॉवर्ड केली कोण होते?

हॉवर्ड ॲटवूड केली यांचा जन्म २० फेब्रुवारी १८५८ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात कॅम्डेन येथे झाला. त्यांना निसर्गाचा अभ्यासक व्हायचे होते. साप, कीटक, वनस्पती यांचे वेड लहानपणापासूनचे. पण त्यात पोट भरणार नाही, या व्यावहारिक विचाराने ते वैद्यकशास्त्राकडे वळले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकत असताना प्रकृती बिघडली, तेव्हा शिक्षण थांबवून ते वर्षभर कोलोरॅडोत राहिले. तिथे मोकळ्या हवेत घोडेस्वारी आणि गुराख्याचे काम केले, तब्येत सुधारली आणि १८८२ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली.

नोकरी त्यांनी फिलाडेल्फियातील केन्सिंग्टन या गिरणी कामगारांच्या भागात पत्करली. तिथल्या बायकांची दुखणी पाहून ते स्त्रीरोगांकडे ओढले गेले आणि त्यांनी महिलांसाठी छोटे रुग्णालय सुरू केले. १८८८ मध्ये त्यांनी केलेल्या सिझेरियनमध्ये आई वाचली. फिलाडेल्फियात अशी घटना जवळपास पन्नास वर्षांनी घडत होती. त्या काळात पोट उघडणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळ, असेच मानले जाई.

‘जॉन्स हॉपकिन्स’मध्ये त्यांनी काय केले?

१८८९ मध्ये बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले आणि वयाच्या ३१व्या वर्षी केली तिथे स्त्रीरोग विभागाचे प्रमुख झाले. विल्यम ऑस्लर, विल्यम हॅल्स्टेड, विल्यम वेल्च आणि केली हे या संस्थेचे चार आधारस्तंभ मानले जातात. चित्रकार जॉन सिंगर सार्जंट यांनी या चौघांचे एकत्र चित्र काढले आहे. त्यात केली वयाने सर्वांत लहान.

केली यांचा हात जलद चाले. भूल देण्याची साधने बेताची असल्याने शस्त्रक्रियेचा प्रत्येक वाचलेला मिनिट मोलाचा होता. त्यांचे डोके मात्र एखाद्या अभियंत्यासारखे होते. अडचण दिसली की ते त्यासाठी साधन तयार करत. रक्तवाहिनी दाबून धरणारा ‘केली क्लॅम्प’, रुग्णाच्या अंगाखाली ठेवून रक्त-पाणी थेट बादलीत सोडणारे हवेचे रबरी ‘केली पॅड’, मूत्राशय आतून पाहण्याची हवा भरून वापरायची नळी ही त्यांची काही उदाहरणे. शस्त्रक्रिया इतरांना नीट शिकता यावी, म्हणून त्यांनी जर्मनीतून मॅक्स ब्रॉडेल या चित्रकाराला बोलावून घेतले. ब्रॉडेल यांच्या चित्रांनी सजलेला केली यांचा ग्रंथ १८९८ मध्ये आला. पुढे वैद्यकीय चित्रकलेचा जगातला पहिला विद्यापीठ विभाग याच संस्थेत, १९११ मध्ये ब्रॉडेल यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला.

१८९९ मध्ये नेमके काय घडले?

त्या वर्षी केली यांनी अतिस्थूल स्त्रीच्या पोटावर आडवा छेद घेऊन चरबी आणि त्वचेचा लोंबणारा पट्टा काढून टाकला. या तुकड्याची नोंद आजही वैद्यकीय पुस्तकांत दिली जाते : लांबी ९० सेंटिमीटर, रुंदी ३१ सेंटिमीटर, जाडी ७ सेंटिमीटर आणि वजन ७,४५० ग्रॅम. फ्रान्समध्ये १८९० मध्ये अशाच प्रकारच्या शस्त्रक्रियेची नोंद आढळते. पण अमेरिकेत तिला वैद्यकीय साहित्यात जागा मिळवून दिली ती केली यांनी. १९१० मध्ये त्यांनी या विषयावर स्वतंत्र लेख लिहिला आणि ‘लायपेक्टमी’ म्हणजे चरबी कापून काढणे हा शब्द रुळवला.

हा सौंदर्याचा खटाटोप नव्हता. मांड्यांवर लोंबणाऱ्या पोटाच्या घडीत घाम साचतो, कातडी सोलवटते, जखमा चिघळतात. पुढे ओढणाऱ्या वजनाने कंबर दुखते, चालणे अवघड होते. आज शंभर किलोंवरून साठ किलोंवर आलेल्या माणसाची तक्रारही हीच असते. फरक इतकाच, की केली यांच्या रुग्णांच्या पोटात चरबी भरलेली होती आणि आजच्या अनेक रुग्णांची पिशवी रिकामी झालेली असते. त्वचेतले लवचिक तंतू फार काळ ताणले गेले की जुन्या इलॅस्टिकसारखे सैल पडतात. वजन घटवणाऱ्या शस्त्रक्रिया १९५० च्या दशकात सुरू झाल्या. त्यामुळे कमी काळात मोठे वजन उतरलेला रुग्णांचा असा मोठा वर्ग केली यांनी पाहिलाच नाही.

कापणे जमले, मग अडले कुठे?

बरे होण्यात. एका कंबरेपासून दुसऱ्या कंबरेपर्यंत जाणारी जखम शिवली की तीन संकटे उभी राहतात. पहिले ताणाचे. त्वचेचा मोठा पट्टा काढल्यावर उरलेल्या कडा ओढून जोडाव्या लागतात आणि सगळा भार टाक्यांवर येतो. दुसरे रक्तपुरवठ्याचे. चरबीच्या थराला मुळात रक्त कमी मिळते. त्वचा खालच्या स्नायूपासून जितकी जास्त सोडवावी, तितक्या तिला रक्त देणाऱ्या बारीक वाहिन्या तुटतात. तिसरे पाण्याचे. दोन थरांमध्ये पोकळी राहिली की तिथे पिवळसर द्रव साचतो. याला ‘सेरोमा’ म्हणतात आणि आजही या शस्त्रक्रियेनंतर सर्वाधिक दिसणारी गुंतागुंत हीच आहे.

केली यांच्या काळात यावर उपाय एकच होता, तो म्हणजे रुग्णाला झोपवून ठेवणे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवडे अंथरुणात पडून राहणे हा शिरस्ता होता. हालचाल केली तर टाके उसवतील, ही भीती. पण निजून राहिल्याने पायातले रक्त साकळते, गुठळी होते आणि ती फुप्फुसात जाऊन अडकली तर रुग्ण दगावतो. जखम भरत असताना माणूस हातचा जाण्याचा धोका विश्रांतीतच दडलेला होता.

उत्तर कुठून आले?

त्यातले काही केली यांच्या आसपासच होते. १८९९ मध्येच शिकागोचे स्त्रीरोगतज्ज्ञ एमिल रीस यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना लवकर उठवावे, असे अनुभवाने मांडले. वैद्यक विश्वाने ते गांभीर्याने घ्यायला १९४० चे दशक उजाडले. केली यांचे सहकारी हॅल्स्टेड शस्त्रक्रियेत पेशी हळुवार हाताळण्याचा आणि पोकळी न ठेवण्याचा आग्रह धरत. रबरी हातमोज्यांचा वापरही त्यांच्याच थिएटरमधून रूढ झाला. रक्ताची गुठळी रोखणाऱ्या हेपरिनचा शोध १९१६ मध्ये याच जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या प्रयोगांतून लागला. तेव्हा केली तिथे प्राध्यापक होते. पण हे औषध माणसांसाठी वापरण्याजोगे व्हायला आणखी सुमारे वीस वर्षे गेली.

शस्त्रक्रियाही बदलत गेली. सुरुवातीच्या पद्धतीत त्वचेबरोबर बेंबीही जात असे. १९५७ मध्ये व्हर्नन यांनी बेंबी जागेवर राखून नव्या छिद्रातून बाहेर काढण्याची पद्धत मांडली. १९६० च्या दशकात ब्राझीलच्या इव्हो पितांगी यांनी छेद अंतर्वस्त्रात झाकला जाईल इतका खाली आणला. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या टेड लॉकवूड यांनी ताण त्वचेवर न घेता आतल्या मजबूत पडद्यावर घेण्यावर भर दिला. पूल बांधणारा अभियंता भार रंगाच्या थरावर नव्हे, तर गर्डरवर सोडतो, तसाच हा विचार.

केली यांचा उत्तरार्ध कसा होता?

विलक्षण आणि काहीसा वादग्रस्त. १९१३ मध्ये त्यांनी उद्योजक जेम्स डग्लस आणि अमेरिकी खाण विभागाच्या साथीने कोलोरॅडोच्या खनिजातून रेडियम काढणारी संस्था उभी केली आणि कर्करोगावर रेडियमचे उपचार केले. ते अत्यंत धार्मिक होते. दारू आणि वेश्याव्यवसायाविरुद्ध मोहिमा चालवत आणि पत्रकार एच. एल. मेन्केन त्यांची यथेच्छ टिंगल करत. श्रीमंतांकडून भरभक्कम फी घेणारे केली गरिबांवर मोफत उपचार करत. १९१९ मध्ये त्यांनी प्राध्यापकपद सोडले, पण बालपणीचे वेड सोडले नाही. घरात साप पाळले, बुरशी आणि अळिंबीवरची पुस्तके जमवली आणि १९३६ मध्ये मेरीलँडच्या सापांवर पुस्तक लिहिले. १२ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. पत्नी लेटिशिया काही तासांतच गेल्या.

आज बरे होण्याचा काळ कसा असतो?

झोपून राहण्याचा नियम उलटला आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला आधार देऊन चालवले जाते. गुठळीचा धोका पाहून हेपरिनसारखी इंजेक्शने दिली जातात. पोटाच्या टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून पहिला आठवडाभर कंबरेत थोडे वाकून चालावे लागते आणि झोपताना पाठ व गुडघे उंचावलेले ठेवावे लागतात. साचणारा द्रव ओढून घेण्यासाठी बहुधा ड्रेनची नळी असते. चोवीस तासांतला द्रव साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आला की ती काढतात. दाब देणारा पट्टा चार ते सहा आठवडे आणि वजन न उचलण्याचे पथ्य साधारण सहा आठवडे असते. सूज उतरायला काही महिने, तर व्रण फिका पडायला वर्ष-दीड वर्ष लागते. पोटाच्या खालच्या भागाचा बधिरपणा अनेक महिने राहू शकतो.

वजन घटवलेल्यांसाठी तयारी आधीच सुरू होते. वजन किमान सहा महिने स्थिर असावे लागते. बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतर प्रथिने, लोह, बी-१२ यांची कमतरता आढळते आणि प्रथिनांशिवाय जखम भरत नाही. त्यामुळे रक्त तपासून ही कमतरता आधी भरून काढली जाते. तंबाखू आणि धूम्रपान किमान चार आठवडे आधी बंद करावे लागते, कारण निकोटीनने त्वचेचा रक्तपुरवठा आणखी घटतो. पोटरी दुखणे किंवा एकच पाय सुजणे, दम लागणे, ताप, जखमेभोवती वाढती लाली, अचानक आलेला फुगवटा यापैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना गाठावे.

खर्च कोण उचलतो?

भारतात विमा नियामकाने २०१९ मध्ये घालून दिलेल्या चौकटीनुसार, ठरावीक बीएमआय आणि इतर अटी पूर्ण होत असतील तर वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेला संरक्षण मिळू शकते. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया मात्र वगळलेली आहे. अपघात, भाजणे, कर्करोग किंवा वैद्यकीय गरज असेल, तरच प्लॅस्टिक सर्जरीचा विचार होतो. म्हणून घडीतले चिघळणे, वारंवार होणारा संसर्ग, त्यावर घेतलेले उपचार यांची लेखी नोंद डॉक्टरांकडून वेळच्या वेळी करून घेणे उपयोगाचे ठरते. आणि शस्त्रक्रियेच्या खर्चासोबत सुट्टीचे आठवडे, घरात मदतीला लागणारा माणूस आणि पट्ट्यांचा खर्चही हिशेबात धरावा. केली यांच्या काळापासून शस्त्रक्रियेला लागतात ते काही तास. बरे होणे मात्र अजूनही महिन्यांतच मोजावे लागते.