रडारला पीक दिसतं, पण क्विंटल कसे कळतात? पां. वा. सुखात्मे यांची गोष्ट

मी बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला. आमच्याकडे खरिपात बाजरी, रब्बीत ज्वारी. सध्या गावात एकच प्रश्न असतो: आता सॅटेलाइट वरून पीक बघतो म्हणे, मग विम्यासाठी शेतात येऊन पीक कापणी प्रयोग कशाला करतात?

मलाही हेच वाटायचं. उत्तर शोधताना मी पोहोचलो एका मराठी माणसापाशी. त्याचं नाव पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

आधी रडार समजून घेऊ

साध्या सॅटेलाइट फोटोला ऊन लागतं. पावसाळ्यात ढग आले की फोटोत नुसता कापूस दिसतो. रडार स्वतःच रेडिओ लहरी सोडतं आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजतं. त्याला ढग आणि रात्र दोन्ही चालतात. युरोपच्या सेंटिनेल-१ ची लहर साधारण साडेपाच सेंटीमीटरची असते. ती बाजरीच्या पानांवर, ताटांवर आपटून विखुरते. पीक वाढतं तसा हा सिग्नल बदलत जातो आणि कापणीनंतर पुन्हा खाली येतो. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार तर सुमारे २४ सेंटीमीटरची लहरही वापरतो. ती पिकात आणखी खोल शिरते.

पण रडार आपल्याला फक्त आकडे देतं. त्या आकड्याचे किती क्विंटल, हे त्याला कोणीतरी जमिनीवरून सांगावं लागतं. इथेच सुखात्मे येतात.

बुधचा मुलगा

त्यांचा जन्म २७ जुलै १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९३२ ला पदवी घेतली आणि ते लंडनला गेले. युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकून १९३६ ला पीएच.डी. मिळवली. परत आल्यावर १९४० च्या दशकात दिल्लीत, आज जिला आयसीएआर म्हणतात त्या शेती संशोधन परिषदेत काम केलं.

तेव्हा देशात किती धान्य पिकलं हे आणेवारीवर ठरायचं. म्हणजे शिवारात उभं राहून नजरेने ठरवायचं की सोळा आण्यांपैकी यंदा पीक किती आणे. बघणाऱ्याची नजर कडक की मऊ, त्यावर सगळा हिशोब. १९४३ ला बंगालमध्ये लाखो माणसं दुष्काळात मेली. त्या काळात धान्याचा आकडा चुकणं परवडणारं नव्हतं.

सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी दुसरी वाट धरली. गावं, शेतं आणि शेतातला तुकडा, सगळं चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडायचं. म्हणजे कोणालाच मुद्दाम चांगला किंवा वाईट वाफा धरता येत नाही. मग त्या तुकड्यातलं पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं.

वाद कशावरून झाला?

तिकडे बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस हेही असेच सर्व्हे करत होते. त्यांचा भर छोट्या तुकड्यांवर होता. सुखात्मेंनी प्रयोग करून दाखवलं की तुकडा फार छोटा असेल तर उत्पादन फुगून दिसतं. कारण सोपं आहे बघा. कडेवरचं ताट आत धरायचं की बाहेर? माणूस सहसा आत धरतो. तुकडा जितका लहान, तितका कडेचा वाटा मोठा, तितकी चूक मोठी.

आज रडारलाही हाच त्रास होतो. सेंटिनेल-१ चा पिक्सेल साधारण १० मीटरचा. आमच्याकडच्या छोट्या पट्ट्यांत बांध, बाभळ, शेजारची तूर, सगळं एकाच पिक्सेलमध्ये येतं. त्यात पाऊस पडून गेला की ओल्या मातीमुळेही सिग्नल वाढतो.

भाकरीचा हिशोब

१९५१ ला सुखात्मे रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक झाले. १९७० पर्यंत जगाच्या भुकेचे आकडे त्यांनी तपासले. गरिबाला प्रोटीनची पावडर नको, आधी पोटभर जेवण हवं, अशी त्यांची भूमिका होती. त्यावरही वाद झाले. १९७१ ला पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर ते पुण्यात काम करत राहिले आणि २८ जानेवारी १९९७ ला गेले.

मग आपल्या गावाचं काय?

पीक विम्याची भरपाई महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरते. २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हासाठी सॅटेलाइटसारख्या तंत्राने काढलेलं उत्पादनही त्यात धरायला सुरुवात झाली. पण ते तंत्र शिकतं कशावरून? कापणी प्रयोगाच्या वजनावरूनच. तो वाफा चुकीचा निवडला, तर रडारही तीच चूक शिकणार, आणि तीही अख्ख्या मंडळासाठी.

म्हणून पुढच्या वेळी तुमच्या शिवारात कापणी प्रयोग असेल तेव्हा मोबाईल खिशात ठेवून तिथे जा. दोरी कुठे पडते, कडेचं ताट आत जातं की बाहेर, वजन किती भरलं, ते स्वतः बघा. मग घरी येऊन कोपर्निकस ब्राउझरवर सेंटिनेल-१ मध्ये आपलं शेत शोधा. ते फुकट आहे. सुखात्मेंच्या हातात यातलं काहीच नव्हतं, पण वरचं चित्र आणि खालचं वजन जुळवून बघायला त्यांना नक्की आवडलं असतं, असं मला वाटतं.