बोटीवरचा डॉक्टर जमिनीवर आला आणि त्यानं चाकांवरचं घर बांधून घेतलं

इन्स्टावर आजकाल एक रील हमखास दिसतं. व्हॅनचं मागचं दार उघडं, आत गादी, बाहेर डोंगर आणि हातात चहाचा कप. नोकरी सोडली, घर सोडलं, आता गाडीतच राहतो, असं कॅप्शन.

हे फॅड कालपरवाचं वाटतं. पण सुट्टीसाठी मुद्दाम बनवून घेतलेली जी सगळ्यात जुनी कॅरॅव्हॅन आज माहीत आहे, तिला सव्वाशेहून जास्त वर्षं झालीत. तिला इंजिन नव्हतं, दोन घोडे होते. आणि ती बनवून घेणारा माणूस आयुष्यातली उमेदीची वर्षं जहाजावर काढून आलेला नौदलाचा डॉक्टर होता.

त्याचं नाव विल्यम गॉर्डन स्टेबल्स.

जन्म १८४० चा, स्कॉटलंडच्या बँफशायरमधला. अॅबर्डीनला डॉक्टरकी शिकायला गेला. पण कॉलेजात असतानाच, एकोणिसाव्या वर्षी, व्हेल मारणाऱ्या जहाजावर चढून हा गडी थेट आर्क्टिकला जाऊन आला. एकदा बर्फाचा समुद्र बघितल्यावर गावात दवाखाना टाकून बसणं काही त्याच्याच्यानं होणार नव्हतं.

पदवी मिळाली आणि १८६३ मध्ये तो ब्रिटिश नौदलात असिस्टंट सर्जन म्हणून लागला. 'नार्सिसस' या जहाजावरून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला गेला. तिथून त्याला 'पेंग्विन' या जहाजावर पाठवलं. पेंग्विनचं काम होतं मोझांबिकच्या किनाऱ्यावर गस्त घालून गुलामांची चोरटी वाहतूक करणारी गलबतं पकडणं. साहसकथांत शोभेल असं काम, पण रोजचं जगणं तसं नव्हतं. उष्ण कटिबंधातली हवा, ताप आणि ज्युनियर डॉक्टरच्या वाट्याला येणारी चिंचोळी केबिन. या सगळ्या अनुभवावर त्यानं १८६८ मध्ये नौदलातल्या डॉक्टरी जीवनाचं एक पुस्तकही लिहून टाकलं.

१८७१ मध्ये तब्येतीनं दगा दिला आणि त्याला नौदलातून अर्ध्या पगारावर बाहेर पडावं लागलं. वय फक्त एकतीस. तरी समुद्राची ओढ सुटेना म्हणून आणखी दोन वर्षं त्यानं व्यापारी जहाजांवर काढली. त्यात दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत आणि दक्षिणेकडचे समुद्र पालथे घातले. त्यानंतर मात्र शरीरानं साथ दिली नाही. १८७४ मध्ये लग्न केलं आणि इंग्लंडच्या बर्कशायरमधल्या ट्वायफर्ड गावात बिऱ्हाड थाटलं.

घराचं नाव ठेवलं 'द जंगल'.

घरात बसून समुद्र लिहिला

आता पोटापाण्याचं काय, तर त्यानं लेखणी उचलली. मुलांसाठी समुद्रातल्या, ध्रुवांवरच्या, जंगलातल्या साहसकथा लिहायला घेतल्या त्या मरेपर्यंत थांबल्या नाहीत. त्याच्या नावावर शंभराहून जास्त पुस्तकं आहेत. 'बॉइज ओन पेपर' हे तेव्हाचं मुलांचं गाजलेलं साप्ताहिक होतं. त्यात तो गोष्टी लिहायचा आणि पत्रांतून आरोग्याचे सल्लेही द्यायचा. थंड पाण्यानं अंघोळ हा त्याचा बहुतेक दुखण्यांवरचा इलाज. त्यातले बरेच सल्ले आज वाचले तर डॉक्टर लोक डोक्याला हात लावतील, पण त्या पिढीतली ब्रिटिश पोरं त्याचं ऐकत होती.

कुत्रे आणि मांजरी हा त्याचा दुसरा नाद. मांजरींवर पुस्तकं लिहिली, प्राण्यांच्या प्रदर्शनांत परीक्षक म्हणून गेला. एक पुस्तक तर चहावर लिहिलं.

म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला सगळं छान होतं. नाव होतं, घर होतं, सहा लेकरं होती. पण ज्या माणसाला रोज सकाळी खिडकीबाहेर वेगळा किनारा बघायची सवय लागलेली असते, त्याला तोच तो रस्ता आणि तेच ते कुंपण किती दिवस पुरणार? जहाजावर परत जाणं तब्येतीमुळं शक्य नव्हतं. रेल्वेनं फिरता आलं असतं, पण रेल्वेत आपलं अंथरूण, आपली पुस्तकं आणि आपला कुत्रा सोबत नसतो. त्याला प्रवासाइतकीच फिरत्या घराचीही आठवण येत असावी.

आणि असं घर त्याच्या डोळ्यांसमोरच होतं. रोमानी लोक, ज्यांना तेव्हाचे इंग्रज जिप्सी म्हणायचे, घोडे जुंपलेल्या लाकडी गाड्यांत संसार घेऊन गावोगाव फिरत. जत्रेतले खेळवालेही तसेच.

जहाजासारखी गाडी

स्टेबल्सनं ब्रिस्टल वॅगन वर्क्स या कंपनीला ऑर्डर दिली. ही कंपनी रेल्वेचे डबे बनवणारी. त्यांच्यासाठी हे गिऱ्हाईक जरा अजबच असणार. रेल्वेचा डबा नको, बग्गी नको, रस्त्यावर चालणारं जहाज पाहिजे.

१८८५ मध्ये गाडी तयार झाली. लांबी १८ फूट, म्हणजे साडेपाच मीटर. बाहेरून महोगनी, आतून मेपलचं लाकूड. नाव 'वाँडरर', म्हणजे भटक्या. आणि प्रकार? तर 'लँड यॉट', जमिनीवरची नौका.

शब्दांपुरतंच नव्हतं हे. त्यानं गाडीची रचनाच जहाजासारखी केली. पुढं मुख्य खोली, तिला तो सलून म्हणायचा. मागं छोटी केबिन, तिथं तेलावरचा स्टोव्ह आणि भांडीकुंडी. सलूनमधला सोफा रात्री पलंग व्हायचा. पुस्तकांचं कपाट होतं, वाजवायला हार्मोनियम आणि व्हायोलिन होतं, आणि नौदलातली तलवारही. सोबत येणाऱ्या सगळ्यांना तो 'क्रू' म्हणायचा.

क्रू कोण कोण? कॉर्नफ्लॉवर आणि पी-ब्लॉसम हे दोन घोडे. हरिकेन बॉब नावाचा धिप्पाड न्यूफाउंडलंड कुत्रा. पॉली नावाचा काकाकुवा. एक गाडीवान. आणि फोली नावाचा नोकर, जो तीनचाकी सायकलवरून गाडीच्या पुढं जायचा. कॅप्टनसाहेब स्वतः बऱ्याचदा हायलंडच्या पारंपरिक पोशाखात.

बोटीवर राहिलेल्या माणसाला व्हॅनमध्ये राहणं सोपं जातं असं लोक म्हणतात, आणि काही बाबतींत ते खरंच आहे. साडेपाच मीटरमध्ये कुठली वस्तू कुठं ठेवायची, हे जहाजावर राहिलेल्याला शिकवावं लागत नाही. एका वस्तूची दोन कामं असली पाहिजेत. निघण्याआधी प्रत्येक कप, प्रत्येक बाटली आपल्या जागी घट्ट बसली पाहिजे, नाहीतर पहिल्या खड्ड्याला सगळं जमिनीवर. सकाळी वेळेवर उठायचं, साफसफाई उरकायची, मगच नाश्ता. ही शिस्त स्टेबल्सच्या अंगात आधीच भिनलेली होती. गाडीत बसून तो लिहायचाही, जसा केबिनमध्ये लिहायचा.

पण रस्ता म्हणजे समुद्र नाही.

चढ, घोडे आणि लोकांच्या नजरा

१८८५ च्या उन्हाळ्यात वाँडरर ट्वायफर्डहून लांबच्या सफरीवर निघाली ती थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत. एकूण १३०० मैल, म्हणजे साधारण २१०० किलोमीटर. मुंबईहून रस्त्यानं दिल्ली गाठायची आणि परत येताना निम्मी वाट कापायची, एवढं अंतर. तेही घोड्यांच्या चालीनं.

समुद्रावर वारा असेल तर रात्रंदिवस जाता येतं. वारा दमत नाही. घोडा दमतो. सामानासकट ही गाडी दोन टनांच्या घरात जाणारी. एवढं ओझं ओढणाऱ्या जनावरांना रोज विश्रांती, चारा, पाणी आणि नाल बघणारा माणूस लागतो. त्यामुळं दिवसात किती जायचं हे कॅप्टनच्या मनावर नाही, तर कॉर्नफ्लॉवर आणि पी-ब्लॉसमच्या पायांवर ठरायचं.

चढ हा दुसरा शत्रू. चढावर घोडे थांबले की गाडी मागं यायची भीती. उतारावर उलटं, दोन टन वजन घोड्यांच्या अंगावर जायची भीती, म्हणून ब्रेक आणि चाकांखालच्या अडसरावर सगळी मदार. यॉर्कशायर आणि डरहॅम ओलांडून पुढं स्कॉटलंडच्या हायलंड्समध्ये शिरल्यावर तर चढउतारांना तोटाच नव्हता. दर्यावर्दी माणसाला वादळ ओळखता येतं. पुढच्या वळणापलीकडचा चढ मात्र ओळखता येत नाही.

म्हणूनच फोलीची ती सायकल. तो पुढं जाऊन रस्ता बघायचा. अरुंद गल्लीत समोरून दुसरी गाडी आली तर दोघांपैकी कुणी मागं जायचं? वाफेवर चालणारं अवजड इंजिन समोर आलं आणि घोडे बुजले तर? जहाजावर डोलकाठीवर चढून दूरचं बघणारा माणूस असतो. इथं त्याची जागा तीनचाकीनं घेतली.

रात्री काय करायचं, हाही प्रश्न होता. जहाज नांगर टाकून उभं राहतं, कुणाची परवानगी लागत नाही. गाडी मात्र कुणाच्या तरी जमिनीवरच उभी राहणार. रोज संध्याकाळी कुणाचं तरी शेत किंवा सराईचं अंगण मागावं लागायचं, घोड्यांसाठी तबेला शोधावा लागायचा. स्टेबल्स सलूनमध्ये झोपायचा, फोली मागच्या केबिनमध्ये, आणि गाडीवान घोड्यांजवळ सराईत.

या बाबतीत काळ त्याच्या बाजूनं होता. रेल्वे आल्यापासून इंग्लंडमधले लांब पल्ल्याचे रस्ते ओस पडले होते. टपालगाड्यांच्या काळात गजबजलेल्या सराया गिऱ्हाइकांची वाट बघत होत्या आणि त्यांचे मोठाले तबेले रिकामे होते. मोटारी यायला अजून वेळ होता. दोन युगांच्या मधल्या या शांत फटीत वाँडरर चालत होती.

आणि लोक? जहाज बंदरात लागलं तर कुणाला नवल वाटत नाही. पण झगझगीत पॉलिश केलेली ही गाडी, पुढं सायकलवाला, आत घागऱ्यासारखा किल्ट घातलेला मिशाळ माणूस आणि बोलणारा पक्षी, हे गावात शिरलं की पोरंटोरं मागं लागायची. हा काहीतरी खेळ आहे, तमाशा आहे, आता तिकीट लावतील, असं गावकऱ्यांना वाटायचं. वर्षानुवर्षं समुद्रावर एकांतात राहिलेल्या माणसाला याची सवय करून घ्यावी लागली.

'जंटलमन जिप्सी' आणि खरे भटके

स्टेबल्स स्वतःला 'जंटलमन जिप्सी' म्हणवून घ्यायचा. या दोन शब्दांत मोठी गोम आहे.

ज्या वर्षांत तो आनंदानं भटकत होता, त्याच वर्षांत जॉर्ज स्मिथ नावाचे एक समाजसुधारक रोमानी लोकांच्या गाड्यांवर कायदा आणायच्या मागं लागले होते. या स्मिथ यांनी आधी कालव्यांतल्या बोटींवर राहणाऱ्या कुटुंबांसाठी मोहीम चालवली होती. तिच्यातून १८७७ चा आणि १८८४ चा असे दोन कायदे आले. बोटींची नोंदणी, किती माणसं राहतात त्याची तपासणी, मुलांची शाळा असं सगळं त्यात होतं. बोटी झाल्यावर स्मिथ चाकांवरच्या घरांकडे वळले. त्यांचं विधेयक संसदेत पुन्हा पुन्हा आलं, पण मंजूर काही झालं नाही. कायदा नव्हता म्हणून जाच नव्हता असं मात्र नाही. रस्त्याकडेला मुक्काम टाकला की पोलिसांनी हुसकावणं हे रोमानी लोकांना रोजचंच होतं.

म्हणजे रस्ता तोच, घोडे तसेच, स्टोव्हचा धूरही तसाच. एकाच्या गाडीला शेतकरी अंगण उघडून द्यायचा, दुसऱ्याच्या गाडीमागं पोलीस लागायचे. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. ज्या १८७१ मध्ये स्टेबल्स नौदलातून बाहेर पडला, त्याच वर्षी इंग्रज सरकारनं भारतात क्रिमिनल ट्राइब्स अॅक्ट आणला आणि फिरून पोट भरणाऱ्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. आपल्याकडच्या भटक्या-विमुक्तांनी त्याचे चटके पुढं कैक पिढ्या सोसले.

स्टेबल्सचं स्वातंत्र्य खोटं होतं असं नाही. पण त्यामागं गाडीवान होता, नोकर होता, पुस्तकांची कमाई होती आणि परत जायला ट्वायफर्डचं घर होतं. हे रीलमध्ये दिसत नाही, तेव्हाच्या पुस्तकातही त्यावर फार भर नव्हता.

एका पुस्तकानं लावलेलं वेड

त्या सफरीचं पुस्तक १८८६ मध्ये आलं, 'द क्रूझ ऑफ द लँड यॉट वाँडरर'. नावातच क्रूझ. पुढं १८९१ मध्ये आणखी एक आलं. तेव्हाच्या वाचकांना यात नवं काय वाटलं? आजवर चाकांवर राहणं ही गरिबाची मजबुरी होती, इथं एक डॉक्टर ते हौसेनं करत होता आणि तब्येत सुधारते म्हणून इतरांनाही सांगत होता. ड्यूक ऑफ न्यूकॅसलनंही स्वतःची गाडी बनवून घेतली, तिचं नाव 'बोहेमियन'. हळूहळू पैसेवाल्यांत उन्हाळ्यात गाडी घेऊन निघायची टूम निघाली.

स्टेबल्स त्यानंतरही वर्षानुवर्षं वाँडररमधून फिरत राहिला. १९०७ मध्ये अशा हौशी लोकांनी मिळून लंडनमध्ये कॅरॅव्हॅन क्लब काढला, तेव्हा म्हाताऱ्या डॉक्टरला त्याचा उपाध्यक्ष केलं. तोवर रस्त्यांवर मोटारी धावायला लागल्या होत्या आणि घोड्यांना जुंपलेल्या घराचे दिवस भरत आले होते.

१० मे १९१० ला ट्वायफर्डमध्ये त्याचं निधन झालं. क्लब टिकला. त्याचं आजचं नाव कॅरॅव्हॅन अँड मोटारहोम क्लब. आणि वाँडररही टिकली. महोगनीचं ते अठरा फुटी जहाज दुरुस्त करून जपून ठेवलं आहे, फक्त पुढं जुंपायला आता कॉर्नफ्लॉवर आणि पी-ब्लॉसम नाहीत.